बिल्ल्यावरचा माणूस : आल्बेर्तो सांतोस-द्युमाँ

टपालाची तिकिटे, जुनी नाणी, काड्यापेट्यांवरची चित्रे जमवणारी मंडळी आपल्या ओळखीची असतात. पण सैनिकांच्या आणि वैमानिकांच्या छातीवरचे, बाहीवरचे जुने बिल्ले जमवणारेही लोक जगात आहेत, आणि ब्राझीलच्या हवाई दलाचे बिल्ले हा त्यांच्या छंदातला एक अवघड प्रांत आहे. बिल्ल्यावर साल क्वचितच असते; ते इतिहासावरून काढावे लागते. ब्राझीलच्या नौदलाने विमानविद्येची शाळा १९१६ साली काढली. लष्कराची शाळा १९१९ साली रिओजवळ कांपू दुस आफोंसुस येथे सुरू झाली. दोघांची चिन्हे निराळी. २० जानेवारी १९४१ रोजी दोन्ही शाखा एकत्र करून स्वतंत्र हवाई खाते निर्माण झाले, आणि त्याच वर्षीच्या मे महिन्यात 'फोर्सा आएरेआ ब्राझिलेइरा' हे नाव रूढ झाले. तेव्हा या नावाची आद्याक्षरे असलेला बिल्ला कोणी १९३२ सालचा म्हणून विकू लागला, तर त्याला नमस्कार करून पुढे जावे. राष्ट्रचिन्हाखालच्या फितीवर देशाचे जुने नाव, म्हणजे 'ब्राझीलची संयुक्त संस्थाने', असेल तर वस्तूचा नमुना साधारण १९६८ पूर्वीचा समजावा.

या संग्रहात एक पदक असे आहे की ज्याचे वय ठरवणे सोपे, पण ज्याचे नाव वाचून मनुष्य थबकावा. १९५६ साली ब्राझीलच्या हवाई खात्याने ते सुरू केले. ज्याच्या नावाने ते दिले जाते त्याने जन्मात कधी गणवेश चढवला नाही, आणि विमानाचा युद्धासाठी वापर बंद व्हावा म्हणून तो राष्ट्रसंघाच्या दारापर्यंत गेला होता. त्याचे नाव आल्बेर्तो सांतोस-द्युमाँ.

२० जुलै १८७३ रोजी मिनास जेराइस प्रांतात काबांगू या ठिकाणी आल्बेर्तोचा जन्म झाला. वडील आंरिक द्युमाँ हे इंजिनिअर. पुढे साऊं पाउलू प्रांतात त्यांनी कॉफीचा एवढा मोठा मळा उभा केला की लोक त्यांना कॉफीचा राजा म्हणत. मळ्यात स्वतःची आगगाडी होती. इतर मुले घोड्यावर बसायला शिकतात त्या वयात हा मुलगा इंजिन हाकीत होता. फावल्या वेळात ज्यूल व्हर्नच्या कादंबऱ्या. वडील अपघाताने पंगू झाले, मळा विकला गेला आणि कुटुंब पॅरिसला गेले. १८९२ साली मृत्यूपूर्वी वडिलांनी आल्बेर्तोला कायद्याने सज्ञान करून त्याच्या वाट्याची संपत्ती हाती दिली आणि पॅरिसला राहून यंत्रविद्या शिकायला सांगितले. अठरा वर्षांच्या पोराच्या हाती एवढा पैसा दिला की तो बहुधा कुठे जातो, हे सांगायला नको! आल्बेर्तोचा मात्र आकाशात गेला.

१८९८ साली तो प्रथम फुग्यातून वर गेला. त्याच वर्षी त्याने जपानी रेशमाचा आपला इवलासा फुगा बनवून त्याला आपल्या देशाचे नाव दिले. पण वारा नेईल तिकडे जाणे त्याला पटेना. लांबट फुग्याला पेट्रोलचे इंजिन आणि सुकाणू लावून त्याने वायुनौका बांधायला घेतल्या. वर हायड्रोजन, खाली ठिणग्या उडवणारे इंजिन. जाणत्यांनी त्याला वेड्यात काढले.

१९०० साली पॅरिसमध्ये एक लाख फ्रँकचे बक्षीस जाहीर झाले. सँ-क्लूच्या मैदानावरून निघायचे, आयफेल मनोऱ्याला वळसा घालायचा आणि तीस मिनिटांच्या आत परत यायचे. १३ जुलै १९०१ रोजी आल्बेर्तोने वळसा तर घातला, पण परतताना इंजिन बंद पडून स्वारी एका बागेतल्या चेस्टनटच्या झाडावर अडकली. शेजारीच ब्राझीलच्या पदच्युत राजघराण्यातली इझाबेल राहत होती. १८८८ साली गुलामगिरी रद्द करणाऱ्या कायद्यावर जिने सही केली, तीच ही राजकन्या. तिने झाडावरच जेवणाची टोपली पाठवून दिली! थोड्याच दिवसांनी एक पत्र आले आणि त्यासोबत संत बेनेडिक्टचे छोटे पदक. ते त्याने मनगटावर बांधले. आठच दिवसांत, ८ ऑगस्टला, फुगा गळून तो त्रोकादेरो हॉटेलाच्या छपरावर आदळला आणि भिंतीशी लोंबकळत राहिला. आगीच्या बंबवाल्यांनी दोराने वर ओढले. खरचटण्यापलीकडे काही झाले नाही. पदकाचा महिमा ज्याचा त्याने ठरवावा. आल्बेर्तोने मात्र ते पुढे काढले नाही. मला वाटते, ब्राझीलच्या हवाई पदकांची यादी करणाऱ्याने पहिला क्रमांक या पदकाला द्यायला हवा.

१९ ऑक्टोबर १९०१ रोजी सहाव्या वायुनौकेने पण जिंकला. तेव्हाही वाद झालाच. रेषा ओलांडली ती साडेएकोणतीस मिनिटांत, पण दोर जमिनीवरच्या माणसांच्या हाती लागेपर्यंत तीस मिनिटे उलटून गेली होती. पॅरिसचे लोक त्याच्या बाजूने उठले आणि परीक्षकांना बक्षीस द्यावे लागले. ते पैसे त्याने घरी नेले नाहीत. एक वाटा कारागिरांना दिला. उरलेल्या मोठ्या रकमेतून पॅरिसच्या गरीब कामगारांची गहाण पडलेली हत्यारे सोडवली. ब्राझील सरकारने रोख बक्षिसासोबत सुवर्णपदक पाठवले.

पुढची दोन-तीन वर्षे त्याच्या आयुष्यातली सर्वांत सुखाची. नवव्या क्रमांकाची चिमुकली वायुनौका घेऊन तो पॅरिसच्या रस्त्यांवर उतरे, घराच्या दारात ती बांधून वर कॉफी प्यायला जाई. उडताना खिशातले घड्याळ काढणे जमत नाही ही त्याची तक्रार ऐकून लुई कार्तिए या जवाहिऱ्याने त्याला मनगटी घड्याळ करून दिले.

पण याच काळातली एक गोष्ट त्याचे चरित्रकार घाईने उरकतात, ती इथे सांगितली पाहिजे. १४ जुलै १९०३ रोजी फ्रेंच सैन्याचे संचलन चालू असताना तो वायुनौका घेऊन वर आला आणि राष्ट्राध्यक्षांसमोर पिस्तुलाचे एकवीस बार काढून त्याने सलामी दिली. नंतर आपल्या वायुनौका युद्धप्रसंगी फ्रान्सला देऊ केल्या. अट एकच, अमेरिका खंडातल्या देशांविरुद्ध त्या वापरायच्या नाहीत. म्हणजे आकाशातून लढाई होऊ शकते ही कल्पना त्याला परकी नव्हती. तिचे खरे रूप त्याने अजून पाहिलेले नव्हते, एवढेच.

१९०६ साली तो विमानाकडे वळला. पेटीपतंगासारखे पंख, शेपूट पुढे, आणि वेताच्या टोपलीत उभा राहून चालवणारा वैमानिक असे ते विचित्र यंत्र होते. २३ ऑक्टोबरला बागातेलच्या मैदानावर ते सुमारे साठ मीटर उडाले. १२ नोव्हेंबरला दोनशेवीस मीटर. राइट बंधू १९०३ सालीच उडाले होते, ही गोष्ट आता निर्विवाद आहे. ब्राझीलमधले लोक अजूनही ती सहजासहजी मानत नाहीत. त्यांचे म्हणणे, राइट बंधूंचे उड्डाण मोजक्या साक्षीदारांसमोर झाले, आल्बेर्तोचे भर गर्दीत आणि अधिकृत परीक्षकांच्या देखत. यात तथ्य आहे, पण त्याने क्रम बदलत नाही. मला त्याचा मोठेपणा दुसरीकडे दिसतो. राइट बंधू पेटंटसाठी कोर्टाच्या पायऱ्या झिजवीत होते. आल्बेर्तोने बांबूचे हलके 'दम्वाझेल' विमान तयार केले आणि त्याचे आराखडे कोणालाही वापरायला मोकळे करून टाकले.

१९१० साली आजाराने त्याला गाठले आणि उडणे कायमचे संपले. वय अवघे छत्तीस. महायुद्ध सुरू झाले तेव्हा तो फ्रान्सच्या किनाऱ्यावर दुर्बिणीतून तारे पाहत असे. त्याला जर्मन हेर समजून घराची झडती झाली. ज्या देशाला त्याने आपल्या वायुनौका देऊ केल्या होत्या, त्या देशाने हे करावे! चिडून त्याने आपले कागदपत्र जाळून टाकले. तो मायदेशी परतला, पण युद्धात विमानांनी काय केले हे विसरू शकला नाही. १९२६ साली त्याने राष्ट्रसंघाकडे विमान हे शस्त्र म्हणून वापरण्यावर बंदी घालावी असा आग्रह धरला. काही झाले नाही. ३ डिसेंबर १९२८ रोजी तो बोटीने रिओच्या बंदरात शिरत असताना स्वागताला वर आलेले, त्याचेच नाव दिलेले विमान त्याच्या डोळ्यांदेखत समुद्रात कोसळले. आतले सगळे गेले. त्यांत त्याचे मित्र होते.

जुलै १९३२ मध्ये साऊं पाउलू प्रांताने केंद्र सरकारविरुद्ध बंड केले. आल्बेर्तो तेव्हा ग्वारुजा या किनाऱ्यावरच्या गावी, एका हॉटेलात आजारी होता. ब्राझीलची विमाने ब्राझीलच्याच माणसांवर बाँब टाकायला निघाली होती. २३ जुलै रोजी त्याने स्वतःच्या हाताने जीवनाचा शेवट केला. कारण विमानेच की वर्षानुवर्षांचे आजारपण, हे कोणी सांगावे? दाखल्यावर मात्र हृदयक्रिया बंद पडल्याची नोंद झाली.

बारा वर्षांनी ब्राझीलचे लढाऊ वैमानिक इटलीत लढायला गेले. बोटीवरच त्यांच्यातल्या एका अधिकाऱ्याने पथकासाठी चिन्ह काढले : हातात पिस्तूल घेतलेले शहामृग. न उडणारा पक्षी वैमानिकांच्या बाहीवर! परदेशी अन्न मुकाट्याने पचवावे लागे म्हणून हा थट्टेचा बिल्ला. आज संग्राहक त्याच्या शोधात असतात, आणि नंतर काढलेल्या नकला अस्सल म्हणून त्यांच्या गळ्यात पडण्याची भीती असतेच.

१९५९ साली सरकारने आल्बेर्तोला मरणोत्तर हवाई दलाचा मार्शल केले. कांपू दुस आफोंसुसच्या विमानसंग्रहालयात एका सोनेरी गोलात त्याचे हृदय जतन केलेले आहे. शवावर प्रक्रिया करताना एका डॉक्टरने ते गुपचूप काढून ठेवले आणि पुढे सरकारच्या स्वाधीन केले.