मुलांना न्यायासनावर बसविणारे डॉक्टर कोर्चाक

पोलंडमधील वॉर्सा शहरात एका ज्यू घरात हेन्रिक गोल्डश्मिट नावाचा मुलगा वाढत होता. तो पाच वर्षांचा असताना त्याचा पाळलेला कॅनरी पक्षी मेला. त्याला पुरून वर क्रूस उभारावा, असे त्याने ठरविले. मोलकरणीने त्याला अडविले. वाड्याच्या रखवालदाराच्या मुलाने तर सांगून टाकले, की पक्षी ज्यू होता आणि हेन्रिकही ज्यूच आहे. आपण वेगळे गणले जातो, हे त्या बालकाला अंगणातच कळले. असे अंगण आपल्यापैकी कोणाला ठाऊक नाही?

हाच मुलगा पुढे डॉक्टर झाला आणि यानुश कोर्चाक या नावाने लेखक म्हणून गाजला. इस्पितळातील काम सोडून १९१२ साली त्यांनी वॉर्सातील ज्यू अनाथाश्रम हाती घेतला. स्टेफानिया विल्चिन्स्का या बाई त्यांच्या जोडीला होत्या.

एकत्र राहणारी मुले भांडणारच. कोर्चाकांनी छडी उचलली नाही, उपदेशही झोडला नाही. त्यांनी मुलांचेच न्यायालय स्थापन केले. त्या आठवड्यात ज्यांच्यावर तक्रार नाही, अशा मुलांतून चिठ्ठ्या टाकून न्यायाधीश निवडले जात. दोन्ही बाजू ऐकाव्या लागत. बहुतेक कलमे क्षमेचीच होती. न्यायासनावर बसलेल्या मुलाला दुसऱ्याच्या मनात शिरावेच लागे. सहा महिन्यांत खुद्द कोर्चाकही पाच वेळा आरोपी म्हणून उभे राहिले. एकदा तर मुलाच्या कानशिलात मारल्याबद्दल!

नव्या मुलाला सांभाळायला तीन महिने एक जुना मुलगा दिला जाई. आभार आणि माफी लिहून लावण्यासाठी भिंतीवर फळा होता.

१९४० साली नाझींनी ज्यूंना भिंतीआड कोंडले. आश्रमही तिथे गेला. जुलै १९४२ मध्ये मुलांनी रवींद्रनाथ टागोरांचे 'डाकघर' हे नाटक केले. त्यानंतर थोड्याच दिवसांत, ऑगस्टमध्ये, सुमारे २०० मुलांना त्रेब्लिंकाच्या मृत्युछावणीकडे नेण्यात आले. सुटकेची संधी असूनही कोर्चाक आणि स्टेफानियाबाई मुलांबरोबर गेले. कोणीही परतले नाही.

वाचक मातापित्यांनो, उद्या आपली मुले भांडत आली, तर हात उगारण्याआधी दोघांचेही ऐकून घ्या. मग समोरच्याला काय वाटले असेल, हे प्रत्येकाला सांगायला लावा. आणि चूक आपली असेल, तर मुलांपुढे ती कबूल करण्यात कमीपणा मानू नका.