मुलांच्या अंगणात शाळा नेणाऱ्या ताराबाई मोडक

निवासी शाळेच्या स्मरणिकेत निकालांचे आकडे येतात, नव्या इमारतींची छायाचित्रे येतात, मोठ्या हुद्द्यांवर पोहोचलेल्या माजी विद्यार्थ्यांची नावे येतात. ते योग्यच आहे. परंतु सहा-सात वर्षांचे मूल आईचे बोट सोडून वसतिगृहाच्या दारात उभे राहते, तेव्हा त्याच्या मनात काय चालते, याची नोंद कोणत्याही हजेरीपटावर होत नाही. भीती, राग, हट्ट, रुसवा आणि घराची ओढ यांच्याशी मुलाने कसे वागावे, हे त्याला कोणी शिकवायचे, शाळेने की घराने? या प्रश्नासाठी उभे आयुष्य वेचलेल्या एका स्त्रीचे चरित्र आम्ही या स्मरणिकेच्या वाचकांपुढे ठेवीत आहोत. त्या म्हणजे पद्मभूषण ताराबाई मोडक.

ताराबाईंचा जन्म 19 एप्रिल 1892 रोजी मुंबईत झाला. बाबासाहेबांचा जन्म 14 एप्रिल 1891 चा. म्हणजे ताराबाई त्यांच्याहून एक वर्ष आणि पाच दिवसांनी लहान. वडील सदाशिवराव केळकर हे प्रार्थना समाजाचे निष्ठावान कार्यकर्ते होते. मुलींना शिकविणे ज्या काळी लोकापवादाला निमंत्रण देणे होते, त्या काळी या घरातील मुलगी 1914 साली मुंबई विद्यापीठाची पदवीधर झाली. पुढील वर्षी विवाह होऊन त्या अमरावतीस आल्या. आमच्या विदर्भाशी त्यांचे नाते जडले ते असे. परंतु तो संसार टिकला नाही. 1921 च्या सुमारास, पदरी लहान मुलगी असताना, त्यांनी स्वतंत्र वाट धरली आणि राजकोटच्या स्त्री-अध्यापिका विद्यालयाचे प्राचार्यपद स्वीकारले. पतीपासून वेगळ्या झालेल्या स्त्रीकडे समाज तेव्हा कोणत्या नजरेने पाहत असे, हे सांगावयास नको. मनाचा तोल सांभाळणे म्हणजे काय, हे ताराबाई प्रथम स्वतःच्या आयुष्यात शिकल्या आणि मगच मुलांकडे वळल्या.

1923 साली त्या भावनगरला गेल्या. तेथे दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका यांनी 1920 मध्ये बालमंदिर सुरू केले होते. गिजुभाई मूळचे वकील. स्वतःच्या मुलाला कसे शिकवावे या विचारातून ते इटलीच्या मारिया मॉन्टेसरी यांच्या ग्रंथांकडे वळले आणि वकिली सोडून बालकांचे शिक्षक झाले. त्या काळच्या शाळांत छडी लागे छमछम ही रीतच होती. मूल रडले तर दटावणे, चुकले तर अंगठे धरून उभे करणे, हट्ट केला तर बागुलबुवा दाखविणे, हेच घरोघरचे आणि शाळोशाळीचे शिक्षणशास्त्र होते. बालमंदिरात छडी नव्हती, शिक्षा नव्हती. विशेष म्हणजे बक्षीसही नव्हते. शिक्षा मुलाला भित्रे करते, तर बक्षीस त्याला दुसऱ्याच्या नजरेचा गुलाम करते. दोन्हींमुळे मूल आपल्या आतल्या आवाजाला पारखे होते, असा त्यामागचा विचार होता.

या पद्धतीत मनाचे शिक्षण वेगळ्या तासाला होत नसे. ते रोजच्या कामात गुंफलेले असे. भांड्यातून भांड्यात न सांडता पाणी ओतणे, सदऱ्याची बटणे स्वतः लावणे, केर काढणे, चटई गुंडाळून जागेवर ठेवणे, ही कामे मूल आपल्या हाताने करी. पाणी सांडले तर ओरडा बसत नसे. पुसायला फडके मिळे. चूक सुधारता येते, हा अनुभव ज्या मुलाला चार वर्षांच्या वयात मिळतो, ते पुढे चुकीला भिऊन खोटे बोलत नाही. प्रत्येक साधन वर्गात एकेकच ठेवण्यामागेही हेतू होता. दुसऱ्याचे काम होईपर्यंत थांबावे लागे, आणि थांबता थांबता मूल आपली अधीरता आवरण्यास शिके. शांतीचा खेळही असाच. मुले हातपाय न हलवता, डोळे मिटून बसत. घड्याळाची टिकटिक, दूरचा पक्षी, स्वतःचा श्वास ऐकू येऊ लागे. मग बाई हलक्या आवाजात एकेकाचे नाव घेत आणि ते मूल आवाज न करता उठून येई. सक्तीने गप्प बसविलेला वर्ग आणि स्वतःहून शांत झालेला वर्ग यांतील फरक या खेळात कळतो.

बौद्ध परंपरेत वाढलेल्या वाचकांना येथे राहुलाची आठवण होईल. मज्झिम निकायात भगवान बुद्धांनी बालवयीन राहुलाला केलेला उपदेश आहे. त्यात दीर्घ प्रवचन नाही, धाक नाही. भांड्यात उरलेले थोडे पाणी दाखवून, ते ओतून, भांडे पालथे करून तथागतांनी त्याला असत्याचा पोकळपणा समजावून दिला. मग आरशाचा दाखला देऊन सांगितले, की काया, वाचा आणि मनाने काही करण्यापूर्वी, करीत असताना आणि केल्यानंतर, ते स्वतःला किंवा दुसऱ्याला दुखावणारे आहे काय, हे पाहत जावे. हातातील वस्तूने शिकविणे आणि मुलालाच त्याच्या कृतीचा परीक्षक बनविणे, या दोन्ही गोष्टी त्या उपदेशात आहेत. ताराबाईंनी हा आधार घेतला होता असे आम्ही म्हणत नाही. परंतु मुलाच्या विवेकावर विश्वास ठेवण्याची ही वाट आपल्याला परकी नाही, एवढे मात्र नमूद करावेसे वाटते.

1926 साली ताराबाई आणि गिजुभाई यांच्या पुढाकाराने नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. गुजरातीतील शिक्षणपत्रिकेची मराठी आवृत्ती ताराबाईंनी चालविली. तिचे वाचक केवळ शिक्षक नव्हते, आईबापही होते. शाळेत मिळणारा आदर घरी पोहोचताच संपला, तर मूल दोन जगांत फाटते, हे ताराबाईंनी ओळखले होते. 1936 मध्ये मुंबईत दादरला शिशुविहार उभा राहिला. 1939 मध्ये गिजुभाईंचे निधन झाले आणि कामाचा मोठा भार ताराबाईंवर आला. नाव होते, मान होता, शहरातील सुशिक्षित पालकांचा पाठिंबा होता. आणि नेमके याच वेळी एका प्रश्नाने त्यांना अस्वस्थ केले. महागडी साधने, स्वच्छ कपड्यांतली मुले, फी भरू शकणारे पालक. मग ज्यांच्या मुलांना याची सर्वाधिक गरज आहे, त्यांचे काय?

1945 साली, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, त्यांनी तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी गावी ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. त्याच वर्षी अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. तेराव्या वर्षी विवाह आणि काही महिन्यांतच वैधव्य आलेल्या अनुताईंनी जिद्दीने शिक्षण घेतले होते. या दोघींची जोडी पुढे अखेरपर्यंत अभंग राहिली.

बोर्डीत पहिला धडा मुलांना नव्हे, शिक्षिकांनाच मिळाला. गावात बालवाडी उघडली, पण पाड्यांवरची गरीब मुले तिकडे फिरकेनात. भिडलेल्या मनाला उघडे दार पुरेसे नसते. मुले शाळेत येत नाहीत, तर शाळा मुलांकडे जाईल, असे ताराबाईंनी ठरविले. वस्तीतच, झाडाखाली किंवा एखाद्या घरापुढच्या सारवलेल्या अंगणात बालवाडी भरू लागली. तीच अंगणवाडी. मूल आपल्या ओळखीच्या जागेत होते. आजी ओट्यावर बसलेली दिसत होती. कोंबड्या पायांत घुटमळत होत्या. भीती गेली आणि शिकणे सुरू झाले. मॉन्टेसरींची विकत घ्यावी लागणारी साधने मागे पडली. शंख-शिंपले, बिया, पाने, खडे, माती यांवर मुले मोजू, लावू, रंग ओळखू लागली. प्रारंभी शिक्षिका मुलांना आंघोळ घालीत, केस विंचरीत, नखे कापीत. हे केवळ आरोग्याचे काम नव्हते. ज्याला शिवण्यास समाज कचरतो, त्या मुलाच्या केसांतून कोणीतरी मायेने हात फिरविणे, हा त्याच्या आयुष्यातील आत्मसन्मानाचा पहिला पाठ होता.

1957 साली हे काम जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर वारली समाजाच्या मुलांत गेले. तेथे विकासवाडीची कल्पना आकाराला आली: तान्ह्यांसाठी पाळणाघर, त्यांच्या वरच्यांसाठी बालवाडी आणि मोठ्यांसाठी प्राथमिक शाळा, तिन्ही एकाच आवारात. कारण अगदी साधे होते. आई मजुरीला गेली की आठ वर्षांची बहीण कडेवर भाऊ घेऊन घरी राही. भावाची सोय झाल्याशिवाय बहिणीची शाळा सुरू होणार नव्हती. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. गुरे चरत असत आणि कुरणातच धडे चालत. मुलाच्या जगण्याला दोष न देता शाळेनेच आपला आकार बदलला.

आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या वाचकांना हे चित्र दूरचे वाटणार नाही. मोहफुलांच्या दिवसांत पहाटे टोपली घेऊन निघणारी आई, उन्हाळ्यात तेंदूपत्त्याच्या फळीवर जाणारे कुटुंब, रोवणीच्या दिवसांत लहानग्याला सांभाळणारी ताई, हे सारे येथेही आहे. भामरागड, एटापल्लीकडील माडिया मूल, जिवतीच्या डोंगरावरचे गोंड किंवा कोलाम मूल शाळेत येते, तेव्हा त्याच्यापुढे पुस्तकही नवे आणि भाषाही नवी असते. ज्याला आपले दुखणे सांगायला शाळेच्या भाषेत शब्दच नाही, ते मूल मुके होते किंवा पळून जाते. आणि आपण त्याला घुमे म्हणतो, हूड म्हणतो. अशा मुलाला त्याच्या बोलीत दोन शब्द बोलणारा शिक्षक भेटला, तर त्याचे निम्मे ओझे तेथेच उतरते.

तथापि एक सावधगिरी आवश्यक आहे. उपाशी मुलाला शांत बसविणे म्हणजे मनाचे शिक्षण नव्हे, आणि अपमान गिळण्यास शिकविणे म्हणजे संयम नव्हे. बाबासाहेबांनी बालपणी शाळेत गोणपाटावर वेगळे बसण्याचे आणि पाण्यावाचून राहण्याचे दुःख सोसले. त्यांनी ते विसरण्याचा सल्ला आपल्याला दिला नाही. त्या दुःखाचे कारण दूर करण्यास शिकविले. 16 ऑक्टोबर 1956 रोजी याच चंद्रपूरच्या भूमीवर त्यांनी हजारोंना धम्मदीक्षा दिली, ती माणसाचे मन ताठ उभे राहावे म्हणून. म्हणून आमच्या मुलाला राग आला, तर तो राग दाबावयाचा नाही. तो कशाचा आहे हे ओळखण्यास, शब्दांत सांगण्यास आणि दुसऱ्याला इजा न करता योग्य जागी मांडण्यास त्याला शिकवावयाचे आहे.

यासाठी मोठा खर्च लागत नाही. घरी दिवसातून थोडा वेळ मोबाईल बाजूला ठेवून मुलाचे बोलणे मध्ये न तोडता ऐकावे. रडणाऱ्या मुलास प्रथम जवळ घ्यावे, कारण नंतर विचारावे. शेजारच्या मुलाशी तुलना करू नये. घरची भांडणे मुलांपुढे होऊ नयेत, आणि झालीच तर समेटही त्यांच्यापुढेच व्हावा. वसतिगृहात पहिल्या महिन्यात नव्या मुलाला एखादा मोठा विद्यार्थी सोबती म्हणून द्यावा. त्रिसरण-पंचशीलानंतर काही क्षण श्वासाकडे लक्ष देऊन शांत बसावे. आणि अंथरूण ओले झाले म्हणून कोणाही मुलाला चारचौघांत उभे करू नये. पालकांनी भेटीस येण्याचा दिवस सांगितला, तर तो पाळावा. दाराकडे डोळे लावून बसलेल्या मुलाचा विश्वास एकदा ढळला, की तो पुन्हा बसविणे कठीण असते.

ताराबाईंना 1962 साली पद्मभूषण मिळाले. 31 ऑगस्ट 1973 रोजी त्यांचे निधन झाले. अनुताईंनी 1992 मध्ये देह ठेवीपर्यंत कोसबाडचा वसा सांभाळला. ताराबाईंच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी, 2 ऑक्टोबर 1975 रोजी, एकात्मिक बालविकास सेवा योजना देशात सुरू झाली आणि अंगणवाडी हा शब्द गावोगाव पोहोचला. आज आमच्या जंगलातील लहानशा टोल्यावरही अंगणवाडी आहे. तेथे मुलाचे वजन होते, त्याला आहार मिळतो, आणि हे मोलाचेच आहे. परंतु त्या शब्दाच्या जन्मामागे भिडस्त मुलाची भीती ओळखणारे एक मन होते, हे आपण विसरू नये. ताई, मदतनीस, शिक्षक, अधीक्षक आणि आईबाप यांनी ते मन जपले, तरच हा वारसा पूर्णपणे आपला होईल.

मुलांच्या मनाला प्रथम सन्मान देणाऱ्या ताराबाई मोडक यांच्या स्मृतीस आमचे विनम्र अभिवादन.