बांबूच्या दवाखान्यातील सर्जन

युद्धाचा इतिहास आपण सेनापतींच्या नावांनी आणि सनावळ्यांनी पाठ करतो. सैनिक आजारी पडला, आणि तोही शत्रूच्या कैदेत, तर त्याचे काय होई, याबद्दल आमच्या क्रमिक पुस्तकात एक ओळही नाही. ‘द ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय’ हा १९५७ सालचा इंग्रजी चित्रपट आपल्यापैकी काहींनी पाहिला असेल. त्यातली गोष्ट बरीचशी काल्पनिक आहे. परंतु ज्या रेल्वेवरचा तो पूल, ती रेल्वे खरी होती आणि तिच्या कडेने बांबूच्या झोपड्यांत चाललेले दवाखानेही खरे होते. त्या दवाखान्यांतील एका सर्जनची ही हकीकत आहे.

एडवर्ड डनलॉप यांचा जन्म १२ जुलै १९०७ रोजी ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्यात झाला. बालपण शेतावर गेले. आधी औषधे तयार करण्याचे शिक्षण घेऊन मग मेलबर्न विद्यापीठातून ते १९३४ साली डॉक्टर झाले. उंची सहा फूट चार इंच. रग्बीत ते ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय संघातून खेळले. कॉलेजात त्यांना ‘वीअरी’ हे टोपणनाव पडले. आपल्याकडे रबरी चाकांच्या बैलगाडीला ‘डनलॉप’ म्हणतात, ते टायर याच नावाचे. इंग्रजीत ‘टायर’चा दुसरा अर्थ थकणे, आणि ‘वीअरी’ म्हणजे थकलेला! कॉलेजच्या पोरांनी ठेवलेले हे नाव त्यांना जन्मभर चिकटले.

१९३८ साली ते उच्च शिक्षणासाठी लंडनला गेले. पुढच्या वर्षी युद्ध पेटले व ते सैन्यात दाखल झाले. ग्रीस, क्रीट, तोब्रुक अशी ठिकाणे पाहून १९४२ मध्ये ते जावा बेटावर पोहोचले. तेथे बांडुंगच्या दोस्त-सैन्याच्या रुग्णालयाचे ते प्रमुख झाले आणि मार्चमध्ये जावा जपानच्या हाती पडले. रुग्णालयात बिल ग्रिफिथ्स नावाचा इंग्रज सैनिक होता. स्फोटात त्याचे दोन्ही डोळे आणि दोन्ही हात गेलेले. असा माणूस जगवून काय उपयोग, म्हणून त्याच्यावर संगीन रोखली गेली. डनलॉप संगीन आणि रुग्ण यांच्या मध्ये जाऊन उभे राहिले. ग्रिफिथ्स वाचले आणि २०१२ सालापर्यंत जगले.

जानेवारी १९४३ मध्ये सुमारे नऊशे कैद्यांसह डनलॉप यांना सयाममध्ये, म्हणजे थायलंडमध्ये, नेण्यात आले. ब्रह्मदेशापर्यंत ४१५ किलोमीटर लांबीची रेल्वे जंगल आणि डोंगर फोडून जपानला हवी होती. साठ हजारांहून अधिक दोस्त-कैदी या कामाला जुंपले होते व त्यांपैकी बारा हजारांवर मेले. कोन्यू आणि हिंतोक येथील छावण्यांजवळ तर हातोडा आणि पहारीने खडक फोडायचा होता. रात्री मशालींच्या उजेडात काम चाले. तो देखावा नरकासारखा दिसे, म्हणून त्या खिंडीचे नाव ‘हेलफायर पास’ पडले.

मला सर्वांत विचार करायला लावते ती या छावणीतील सकाळ. रोज पहाटे इतकी माणसे कामाला हवीत, असा आकडा येई. धडधाकट माणसे तेवढी नसत. मग आजाऱ्यांतून माणसे द्यावी लागत, आणि कोणाला द्यायचे हे डॉक्टरनेच ठरवायचे. डनलॉप प्रत्येक माणसासाठी हुज्जत घालत, मार खात, आणि तरीही काहींना पाठवावेच लागे. हिवताप झालेला पाठवायचा की हगवणीचा? पाठवलेला संध्याकाळी खांद्यावरून परत यायचा. आपण डॉक्टर म्हणजे वाचवणारा असे समजतो. येथे वाचवणाऱ्यालाच यादी करायची होती. या गोष्टीसाठी त्यांना कोणी दोष दिला असता तर मी तो मान्य केला नसता. पण त्यांना स्वतःला रात्री झोप कशी लागत असेल, हा प्रश्न माझ्या मनातून जात नाही.

औषधे जवळपास नव्हतीच. बांबूचा ओरखडा उठला तरी त्याची जखम चिघळून हाडापर्यंत जाई. कुजलेले मांस धार लावलेल्या चमच्याने खरवडून काढीत. तेवढ्याने भागले नाही तर पाय कापावा लागे. १९४३ साली पटकी आली तेव्हा पाणी उकळून, त्याची वाफ धरून, त्यात मीठ घालून सलाईन बनविले गेले आणि बांबूच्या नळीने शिरेत सोडले गेले. चुंगकाईच्या दवाखान्यात मार्कोविट्झ नावाचे कॅनेडियन सर्जन होते. ते रक्त घुसळून त्यातला गोठणारा भाग काढीत व उरलेले रुग्णाला देत. अधिकाऱ्यांना मिळणाऱ्या तुटपुंज्या पैशातला वाटा डनलॉप सक्तीने गोळा करीत. त्यातून बदकाची अंडी येत. बूनपाँग नावाचा थाई व्यापारी जीव धोक्यात घालून औषधे पोहोचवी.

हे सगळे आज आपल्याला कसे कळते? डनलॉप लपूनछपून रोजनिशी लिहीत. पण केवळ शब्दांवर ते थांबले नाहीत. जॅक चॉकर या तरुण इंग्रज चित्रकाराला त्यांनी हाताशी धरले. चॉकरला लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टची शिष्यवृत्ती मिळाली होती, पण युद्ध आडवे आले. चोरलेला कागद, माती आणि झाडपाल्याचे रंग, माणसाच्या केसांचा कुंचला! जखमा, कापलेले पाय, बांबूची उपकरणे, खाटांवरची माणसे, हे त्याने डॉक्टरी अचूकतेने रंगविले. आधी एकदा चित्रे सापडली तेव्हा ती फाडली गेली व त्याला बेदम मारले होते. तरी त्याने हात थांबवला नाही. चित्रे बांबूच्या पेरांत घालून जमिनीत पुरली जात. रे पार्किन हा ऑस्ट्रेलियन नाविकही चित्रे काढी. १९४४ मध्ये त्याला जपानला नेले तेव्हा त्याने आपली चित्रे डनलॉप यांच्या स्वाधीन केली आणि युद्धानंतर ती त्याला परत मिळाली.

याच रेल्वेवर, ब्रह्मदेशच्या सीमेकडील एका छावणीत, जॉर्ज ॲस्पिनॉल या ऑस्ट्रेलियन सैनिकाजवळ लपवलेला कॅमेरा होता. त्याच्या एका छायाचित्रात तीन माणसे उभी आहेत. बरगड्या मोजता येतात. ही माणसे कामाला योग्य ठरलेली होती. मग अयोग्य ठरलेले कसे दिसत असतील?

येथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. या रेल्वेवर कैद्यांपेक्षा कितीतरी अधिक, दोन लाखांच्या आसपास, आशियाई मजूर राबले. त्यांत मलायातील रबराच्या मळ्यांवरचे आपले तमिळ बांधव मोठ्या संख्येने होते. त्यांच्यातले मृत्यू कैद्यांच्या अनेक पट झाले. त्यांच्याजवळ स्वतःचे सर्जन नव्हते. कैदी डॉक्टरांच्या तुकड्या त्यांच्याकडे धाडल्या गेल्या त्याही उशिरा आणि अपुऱ्या. चित्रे काढणारा तर कोण असणार? माझ्या आजोबांनी १९७२ च्या दुष्काळात रस्त्यावर खडी फोडली. त्यांचा त्या वेळचा एकही फोटो घरात नाही, असला तर कुठल्यातरी हजेरीपटावर अंगठा असेल. मी दोन्हींची तुलना करीत नाही. दुष्काळी कामाने आजोबांना जगवले, त्या रेल्वेने माणसे मारली. परंतु चॉकरची चित्रे पाहताना कागदाचे मोल मला आजोबांमुळे जास्त कळले, एवढे खरे.

युद्ध संपल्यावर डनलॉप मेलबर्नला परतले. वाट पाहत थांबलेल्या हेलन फर्ग्युसन यांच्याशी त्यांचे १९४५ मध्येच लग्न झाले. पुढे अनेक वर्षे ते जुन्या कैद्यांच्या निवृत्तिवेतनासाठी झगडले. मनात सूड धरला नाही. कोलंबो योजनेखाली त्यांनी थायलंड, श्रीलंका आणि भारतातही काम केले. १९६९ मध्ये त्यांना ‘सर’ हा किताब मिळाला. त्यांची रोजनिशी १९८६ साली छापून निघाली. त्याच वर्षी थाई सर्जनांना ऑस्ट्रेलियात शिकता यावे म्हणून शिष्यवृत्ती सुरू झाली आणि तिच्या नावात त्यांच्या नावाशेजारी बूनपाँग व्यापाऱ्याचेही नाव घालण्यात आले.

२ जुलै १९९३ रोजी ते वारले. त्यांच्या अस्थींचा काही भाग १९९४ साली हेलफायर पासला नेण्यात आला.