लाईट मीटर सापडेना, म्हणून त्यांनी चंद्राच्या उजेडावरून हिशोब लावला

लाईट मीटरची एक खोड आहे. त्याला जे दाखवाल ते मध्यम राखाडी रंगाचंच आहे, असं तो धरून चालतो. बर्फ दाखवा, फोटोत बर्फ राखाडी. काळी म्हैस दाखवा, तीही राखाडी.

या खोडीवर उपाय शोधणारा माणूस म्हणजे अमेरिकन फोटोग्राफर ॲन्सेल ॲडम्स.

जन्म २० फेब्रुवारी १९०२, सॅन फ्रान्सिस्को. १९०६ च्या भूकंपानंतर बसलेल्या एका धक्क्यात चार वर्षांचा ॲन्सेल पडला, नाक मोडलं आणि ते कायमचं वाकडं राहिलं. पुढे त्यांना पियानोवादक व्हायचं होतं. पण १९१६ मध्ये योसेमिटीच्या सहलीत आईवडिलांनी हातात कोडॅकचा साधा कॅमेरा दिला आणि डोंगरांनी त्यांना कायमचं ओढून घेतलं.

१९४० च्या आसपास लॉस एंजेलिसच्या आर्ट सेंटर स्कूलमध्ये शिकवताना फ्रेड आर्चर यांच्यासोबत त्यांनी 'झोन सिस्टीम' बांधली. शून्य म्हणजे काळाकुट्ट, दहा म्हणजे पांढराशुभ्र आणि मधला पाच म्हणजे मीटरचा राखाडी. एक पायरी वर चढलात की उजेड दुप्पट, म्हणजेच एक स्टॉप. कोणती वस्तू कोणत्या पायरीवर ठेवायची, हे मीटरने नाही तर फोटोग्राफरने ठरवायचं.

याची खरी परीक्षा झाली १ नोव्हेंबर १९४१ ला, न्यू मेक्सिकोतल्या हर्नांडेझ गावापाशी. सूर्य मावळत होता, दफनभूमीतले क्रूस शेवटच्या उन्हात चमकत होते आणि वर चंद्र आला होता. ॲडम्सनी गाडी थांबवून मोठा कॅमेरा लावला, पण मीटर काही सापडेना.

पौर्णिमेच्या आसपासच्या चंद्राची चमक दर चौरस फुटाला साधारण २५० कॅन्डल असते, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी चंद्र सातव्या पायरीवर, म्हणजे राखाडीपेक्षा दोन स्टॉप वर ठेवला. फिल्टरचा हिशोब धरून एफ/३२ वर एक सेकंद एक्सपोजर दिलं. दुसरा फोटो घेईपर्यंत क्रुसांवरचं ऊन गेलेलं होतं.

चंद्र वाचला, पण खालच्या जमिनीचं मोजमाप झालंच नव्हतं. निगेटिव्हमध्ये तो भाग फिका आला. १९४८ मध्ये रसायन वापरून तो गडद करावा लागला. आज 'मूनराइज, हर्नांडेझ' हा त्यांचा सगळ्यात गाजलेला फोटो आहे.

२२ एप्रिल १९८४ ला ॲडम्स गेले. आजचा डिजिटल स्पॉट मीटर दृश्यातला जेमतेम एक अंशाचा तुकडा मोजतो. त्याने आधी सावली मोजा, मग उजळ भाग. फरक तीन स्टॉपचा आला तर उजळ भागावर आठपट उजेड आहे. त्यातलं काय वाचवायचं आणि काय अंधारात सोडायचं, हे मीटर सांगत नाही. ते तुम्हालाच ठरवावं लागतं.