ताराबाई मोडक

ताराबाई मोडक (जन्म : मुंबई, १९ एप्रिल १८९२, मृत्यू : ३१ ऑगस्ट १९७३) या मराठी शिक्षणतज्ज्ञ आणि महाराष्ट्रातील पूर्वप्राथमिक शिक्षणाच्या प्रवर्तक होत्या. त्यांचे माहेरचे आडनाव केळकर होते.

शिक्षण आणि प्रारंभीचे कार्य

१९१४ साली त्या मुंबई विद्यापीठातून पदवीधर झाल्या. राजकोटच्या महिला अध्यापक विद्यालयात प्राचार्यपद भूषवल्यानंतर त्या भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गेल्या. तेथे गिजुभाई बधेकांसह त्यांनी माँटेसरी पद्धतीचे प्रयोग केले. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली. १९३६ मध्ये ताराबाईंनी दादर येथे शिशुविहार सुरू केले.

बोर्डी आणि कोसबाड

माँटेसरी साधने महाग असल्याने ती खेड्यांना परवडणारी नव्हती. १९४५ साली बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू करताना ताराबाईंनी शंखशिंपले, बिया, खडे, पाने व माती यांनाच साधने मानले. निवडणे, ओवणे, रचणे, मोजणे अशा खेळांतून मुलांच्या बोटांना वळण आणि नजरेला सराव मिळे. गरीब वस्त्यांतील मुले बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेण्यात आली. हीच अंगणवाडी होय. या कार्यात अनुताई वाघ यांची त्यांना साथ होती. १९५७ मध्ये केंद्र कोसबाड येथे हलवण्यात आले. तेथे गुरे राखणाऱ्या आदिवासी मुलांसाठी कुरणशाळा भरू लागली.

सन्मान आणि वारसा

१९६२ मध्ये त्यांना पद्मभूषण हा किताब मिळाला. त्यांच्या निधनानंतर, १९७५ मध्ये सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेतील केंद्रेही अंगणवाडी याच नावाने देशभर ओळखली जातात.