एरंडेलापासून रॉकेटचं इंधन, सोळा खुणांवरून पावसाचा अंदाज : डॉ. वसंत गोवारीकरांकडून गावच्या पुढाऱ्यांनी काय शिकावं?

इंद्रलोक (भाईंदर पूर्व) : जून तोंडावर आला की ठाणे जिल्ह्यात सगळीकडे एकच विषय. मुरबाड-शहापुरात भाताच्या पेरणीची घाई, उत्तनला होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या, भाईंदरच्या मिठागरांत काम आटोपलेलं. यंदा पाऊस कसा, हे प्रत्येकाला हवं असतं. मग मोबाईलवर बातमी येते : देशात सरासरीच्या इतके टक्के पाऊस. आख्ख्या देशाच्या पावसाचा असा टक्क्यांतला अंदाज हवामान खातं १९८८ पासून देतंय. तो ज्या पद्धतीने सुरू झाला, तिच्यामागे एक मराठी माणूस होता, आणि तो होता रॉकेटच्या इंधनातला जाणकार. त्यांचं नाव डॉ. वसंत रणछोड गोवारीकर.

कोल्हापूर ते इंग्लंड, तिथून थुंबा

गोवारीकरांचा जन्म २५ मार्च १९३३ रोजी पुण्यात झाला. शिक्षण कोल्हापुरात. पुढे इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅम विद्यापीठातून त्यांनी केमिकल इंजिनिअरिंगमध्ये डॉक्टरेट मिळवली. तिथल्या अणुसंशोधन केंद्रात आणि नंतर रॉकेट मोटारींच्या कामात ते रुळले होते. नोकरी चांगली, पगार चांगला. पण डॉ. विक्रम साराभाईंनी हाक दिली आणि १९६७ मध्ये ते केरळात थुंब्याला आले.

थुंबा म्हणजे कोळ्यांचं गाव, आपल्या उत्तनसारखंच. रॉकेट केंद्रासाठी गावकऱ्यांनी जागा सोडली होती. गावच्या चर्चमध्ये शास्त्रज्ञांचं ऑफिस. २१ नोव्हेंबर १९६३ ला तिथून पहिलं रॉकेट उडालं, पण ते अमेरिकेचं होतं. परक्याच्या रॉकेटवर किती दिवस काढायचे? आपलं रॉकेट हवं तर आधी आपलं इंधन हवं. ते काम गोवारीकरांकडे आलं.

लाडवाचा पाक जमला पाहिजे

या रॉकेटात पेट्रोलसारखं पातळ इंधन नसतं. ज्वलनाला प्राणवायू पुरवणारं रसायन आणि ॲल्युमिनियमची पूड एकत्र करतात आणि रबरासारख्या चिकट पदार्थात मळतात. मग ते मिश्रण रॉकेटच्या नळकांड्यात ओतून घट्ट होऊ देतात. लाडू वळण्यासारखंच म्हणा ना. पाक बिघडला तर लाडू फुटतो, तेवढंच. इथे मात्र इंधनाला तडा गेला तर आग त्या भेगेत शिरते, एकदम जास्त इंधन पेटतं, दाब वाढतो आणि रॉकेटच फुटतं. म्हणून सगळी मदार त्या चिकट पदार्थावर, म्हणजे पाकावर.

असा माल बाहेरून आणायचा तर डॉलर मोजा, आणि समोरच्याने नाही म्हटलं की काम बंद. गोवारीकरांनी रसायनं आपल्याच देशात करायचा हट्ट धरला. थुंब्याच्या प्रयोगशाळेत जे चिकट पदार्थ तयार झाले, त्यातला एक चक्क एरंडेल तेलापासूनचा होता. त्याला नाव मिळालं इस्रो पॉलिऑल. बांधावरच्या एरंडाचं तेल रॉकेटच्या कामी येईल, हे तेव्हा कुणाला सुचलं असतं?

मोठं काम हाती घेतलं की आपण आधी बाहेरून काय मिळेल ते बघतो. अनुदान कधी येईल, मंजुरी कधी मिळेल. गोवारीकरांनी आधी घरात काय आहे ते पाहिलं.

पडलं, पण थांबले नाहीत

भारताचं उपग्रह सोडणारं पहिलं रॉकेट म्हणजे एसएलव्ही-३. उंची सुमारे २२ मीटर, वजन १७ टन, चारही टप्पे घन इंधनाचे. १० ऑगस्ट १९७९ ला श्रीहरिकोट्याहून ते उडालं आणि काही मिनिटांत बंगालच्या उपसागरात पडलं. दोष इंधनात नव्हता, दुसऱ्या टप्प्याच्या नियंत्रण यंत्रणेत होता. पण देशभर टीका झाली ती सगळ्यांवरच.

त्याच वर्षी गोवारीकर थुंब्याच्या विक्रम साराभाई अंतराळ केंद्राचे संचालक झाले. म्हणजे खुर्ची मिळाली तीच अपयशाच्या सावलीत. या रॉकेट प्रकल्पाचे प्रमुख होते डॉ. ए.पी.जे. अब्दुल कलाम. माणसं बदलली नाहीत, दोष शोधला. वर्षाच्या आत, १८ जुलै १९८० ला, त्याच रॉकेटने ३५ किलोचा रोहिणी उपग्रह कक्षेत सोडला. गोवारीकर १९८५ पर्यंत संचालक होते. १९८४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

दुष्काळ पडला, तेव्हा

१९८६ मध्ये ते दिल्लीत केंद्राच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान खात्याचे सचिव झाले. हवामान खातं तेव्हा याच खात्याकडे होतं. दुसऱ्याच वर्षी, १९८७ ला, देशात भीषण दुष्काळ पडला.

हवामान हा काही गोवारीकरांचा विषय नव्हता. माझं काम रसायनाचं, असं म्हणून त्यांना बाजूला होता आलं असतं. त्यांनी हवामान खात्यातले आणि पुण्याच्या संस्थेतले जाणकार एकत्र बसवले. पावसावर परिणाम करणाऱ्या सोळा खुणा ठरवल्या : वसंतातलं तापमान, वेगवेगळ्या ठिकाणचा हवेचा दाब, वरच्या थरातले वारे, हिमालयावरचा बर्फ, प्रशांत महासागरातला एल निनो. यातल्या किती खुणा अनुकूल आणि किती प्रतिकूल, यावरून देशाच्या पावसाचा आकडा काढायचा.

आपल्याकडे जुनी माणसं एका खुणेवर जात नाहीत. मुंग्या, वारा, झाडाचा मोहर, सगळं बघून मग बोलतात. हिशेब तोच, फक्त इथे मोजमाप होतं.

१९८८ ला हा अंदाज पहिल्यांदा जाहीर झाला. पाऊस चांगला होईल असं सांगितलं आणि तो झाला. त्याच वर्षी काही दिवस आधी हवामान सांगण्यासाठी राष्ट्रीय केंद्र सुरू झालं, त्यासाठी अमेरिकेहून महासंगणक आणला गेला. आज फोनवर येणारा पाच दिवसांचा कृषी हवामान सल्ला त्याच वाटेने पुढे आलेला आहे.

आणि अंदाज चुकला

१९८८ ते २००१, सलग चौदा वर्षं देशाचा पावसाळा एकूणात दुष्काळाचा गेला नाही. आकडा दरवर्षी जुळला असं नाही, पण विश्वास बसला होता. २००२ मध्ये अंदाज होता १०१ टक्क्यांचा. प्रत्यक्षात जुलै जवळजवळ कोरडा गेला आणि हंगामाअखेर देशात १९ टक्के तूट आली. अंदाजावर विसंबून पेरलेलं बियाणं अनेक ठिकाणी मातीत गेलं. गोवारीकर तोपर्यंत सरकारी सेवेतून निवृत्त झाले होते, पण टीका त्यांच्या सोळा खुणांवरही झाली. पुढच्याच वर्षी हवामान खात्याने नवी पद्धत आणली.

मग हे काम वाया गेलं का? नाही. जाहीर आकडा होता म्हणून तर चूक पकडता आली. कोणती खूण आता उपयोगाची नाही, हे तपासता आलं. पाऊस बरा होईल, एवढंच मोघम बोलणारा कधीच चुकत नाही आणि त्याच्याकडून कुणी काही शिकतही नाही. आणखी एक धडा शेतकऱ्याचा : देशाचा आकडा आपल्या शिवाराचा नसतो. पेरणी ठरवताना जिल्ह्याचा सल्ला आणि जमिनीतली ओल बघावी.

शेवटपर्यंत माणसांत

पुढे ते पंतप्रधानांचे वैज्ञानिक सल्लागार झाले. १९९५ ते १९९८ पुणे विद्यापीठाचे कुलगुरू, तसंच मराठी विज्ञान परिषदेचे अध्यक्ष. २८ फेब्रुवारीला शाळांत जो राष्ट्रीय विज्ञान दिन होतो, तोही ते सचिव असतानाच सुरू झाला. उतारवयात सहकाऱ्यांसोबत त्यांनी खतांचा मोठा कोश केला, साडेचार हजारांहून जास्त नोंदींचा. रॉकेटवाला माणूस शेवटी शेताच्या मातीपाशी आला. २००८ मध्ये पद्मभूषण मिळाला. २ जानेवारी २०१५ रोजी, वयाच्या ८१ व्या वर्षी, पुण्यात त्यांचं निधन झालं.

आपल्या गावात सरपंच असतो, सोसायटीचा चेअरमन असतो, बचत गटाची अध्यक्षा असते. ग्रामसभेत पाणी येईल, रस्ता होईल, असं सगळेच सांगतात. किती घरांना, किती तारखेपर्यंत, किती खर्चात, हे फळ्यावर लिहून ठेवणारे थोडे. लिहिलं की चुकण्याची भीती असते. गोवारीकरांनी ती भीती आख्ख्या देशासमोर पत्करली. पुढच्या ग्रामसभेत आपणही तेवढाच आकडा आणि तारीख मागायला हवी.