जॉन वूलमन

जॉन वूलमन (१९ ऑक्टोबर १७२० – ७ ऑक्टोबर १७७२) हे न्यू जर्सी वसाहतीतील क्वेकर पंथाचे उपदेशक, शिंपी व गुलामगिरीचे आरंभीच्या काळातील विरोधक होते. त्यांची आत्मचरित्रपर रोजनिशी प्रसिद्ध आहे.

माउंट हॉली येथे एका दुकानात नोकरी करीत असता, वयाच्या सुमारे तेविसाव्या वर्षी, मालकाने त्यांना एका गुलाम स्त्रीचे विक्रीपत्र लिहावयास सांगितले. खरेदीदार वृद्ध असून क्वेकरच होता. वूलमन यांनी कागद लिहून दिला. मात्र गुलाम बाळगणे ख्रिस्ती धर्माशी विसंगत असल्याचे दोघांनाही तेव्हाच सांगितले. पुढे असे दस्तऐवज लिहिण्यास ते नकार देऊ लागले. एका आजारी शेजाऱ्याचे मृत्युपत्र त्यांनी गुलाम स्त्रीविषयीचा भाग वगळून लिहिले. दोघांत बोलणे झाल्यावर शेजाऱ्याने तिला मुक्त करण्याचे मान्य केले आणि मगच ते मृत्युपत्र पुरे झाले. त्यांच्या विरोधाची रीत बहुधा अशीच होती.

१७४६ मधील दक्षिणेकडील वसाहतींच्या प्रवासानंतर लिहिलेला त्यांचा गुलामगिरीविरोधी निबंध १७५४ मध्ये छापला गेला. १७५८ मध्ये फिलाडेल्फिया वार्षिक सभेने गुलाम बाळगणाऱ्या सदस्यांना भेटण्यासाठी समिती नेमली. तीत वूलमन होते. गुलामांचे मालक असलेल्या यजमानांकडे उतरल्यास ते गुलामांना सेवेचा मोबदला देत. उत्तरायुष्यात त्यांनी रंगविलेले कपडे वर्ज्य केले. १७७२ मध्ये ते इंग्लंडला गेले. तेथे टपालगाड्यांचे घोडे व पोरे यांचे हाल पाहून त्यांनी पायी प्रवास केला. यॉर्क येथे देवीच्या आजाराने त्यांचे निधन झाले. गुलाम बाळगणाऱ्यांना सदस्यत्वातून वगळण्याचा फिलाडेल्फिया सभेचा निर्णय त्यानंतर चार वर्षांनी, १७७६ मध्ये झाला.

क्वेकर सभांचे निर्णय, तसेच सदस्यांचे जन्म, विवाह व मृत्यू यांच्या नोंदी काटेकोरपणे ठेवल्या जात. त्यामुळे वूलमन यांच्या आठवणी सभांच्या इतिवृत्तांशी ताडून पाहता येतात. फिलाडेल्फिया वार्षिक सभेची जुनी कागदपत्रे आज पेनसिल्व्हेनियातील स्वार्थमोर व हॅव्हरफर्ड या महाविद्यालयांच्या ग्रंथालयांत आहेत. स्वार्थमोर येथे रोजनिशीचे हस्तलिखितही आहे. १७७४ च्या पहिल्या आवृत्तीत संपादकांनी त्यांची काही स्वप्ने गाळली होती. हस्तलिखितांच्या आधारे ती पुढील आवृत्त्यांत परत आली. विक्रीपत्रातील त्या स्त्रीचे नाव मात्र रोजनिशीत कोठेही नाही.